चार वर्ण, चार आश्रम आणि पंचवीस-पंचवीस वर्षांचा हिशेब

प्रश्न असा आहे: प्राचीन भारतात माणसाचं आयुष्य २५-२५ वर्षांच्या चार आश्रमांत आणि समाज चार वर्णांत वाटलेला होता असं शाळेत शिकवतात. ग्रंथांत नेमकं काय आहे आणि लोक खरंच तसे जगत होते का?

उत्तर आधी, तपशील नंतर. पंचवीस वर्षांची वाटणी ना जुन्या धर्मसूत्रांत (मनूच्या आधीच्या, धर्मनियमांच्या सूत्रग्रंथांत) आहे, ना मनुस्मृतीत. आश्रम हे मुळात एकामागून एक येणारे टप्पे नव्हतेच. शिक्षण संपलेल्या तरुणापुढचे ते पर्याय होते. टप्प्यांची शिडी नंतर बांधली गेली, तीही मुख्यतः ब्राह्मण पुरुषाला डोळ्यांपुढे ठेवून. आणि वर्ण? ती समाजाची शिरगणती नव्हती, दरपत्रक होतं. दंड, व्याज, सुतक, जानव्याचं सूत, सगळं त्या दरपत्रकाप्रमाणे ठरवायचं, अशी शास्त्रकारांची इच्छा. ती किती पाळली गेली हे शिलालेखांत पाहावं लागतं.

आता पंचवीसचा आकडा. मनुस्मृती ४.१ म्हणते, आयुष्याचा पहिला चौथा भाग गुरूकडे काढावा आणि दुसरा लग्न करून घरी. तिसरा भाग वनात आणि चौथा संन्यासात, हे ६.३३ मध्ये येतं. माणसाचं आयुष्य शंभर वर्षांचं हे वेदवचन प्रसिद्धच. शंभराला चारांनी भागलं की पंचवीस. हा भागाकार वाचकांनी केला, मनूने नाही. गंमत म्हणजे कुल्लूकभट्ट हा मनुस्मृतीचा नेहमी वापरला जाणारा टीकाकार याच श्लोकावर हा अर्थ खोडून काढतो. आयुष्य किती हे आधी कळत नाही, मग चौथा भाग मोजणार कसा? आणि पंचवीस धरले तर मनूनेच सांगितलेल्या ३६ वर्षांच्या ब्रह्मचर्याशी विरोध येतो.

तो विरोध खरा आहे, करून पाहा. मनु ३.१ मध्ये तीन वेदांसाठी ३६ वर्षं, किंवा १८, किंवा ९, किंवा वेद ‘येईपर्यंत’ अशी सोय दिली आहे. मुंज सातव्या वर्षाच्या आसपास. सात अधिक छत्तीस, त्रेचाळीस. पण नवव्या अध्यायात (९.९४) नवरा ३० वर्षांचा तर मुलगी १२ ची, नवरा २४ चा तर मुलगी ८ ची असं माप आहे. ३६ वर्षं शिकलेला नवरा यात कुठेच बसत नाही. १८ वर्षं धरली तर तो पंचविशीला येतो, ९ धरली तर सोळाव्या वर्षीच मोकळा होतो. धर्मसूत्रकार आपस्तंब तर ४८ वर्षं म्हणतो, मग ३६, २४ आणि कमीत कमी १२. सात अधिक अठ्ठेचाळीस म्हणजे पंचावन्न! मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राचे पंडित) शबरस्वामींनी हे ४८ वर्षांचं स्मृतिवचन सरळ अमान्य केलं. कारण श्रुती, म्हणजे वेद, सांगते की मुलगा झालेल्या आणि केस अजून काळे असलेल्या माणसाने अग्न्याधान करावं, म्हणजे यज्ञाचे अग्नी स्थापावेत. पंचावन्नाव्या वर्षी काळे केस कुठून आणणार? वर त्यांनी असंही सुचवलं की काहींनी आपलं पौरुषहीनत्व झाकण्यासाठी ही ४८ वर्षं काढली असतील. मीमांसेच्या रुक्ष ग्रंथात असा टोमणा क्वचितच भेटतो.

वानप्रस्थ कधी, याला मनूने वर्षांचा आकडा दिलेलाच नाही, खुणा दिल्या आहेत (६.२): अंगावर सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवाचं तोंड. नवरा चोविसाव्या वर्षी, त्याचा मुलगाही चोविसाव्या वर्षी लग्न करतो असं धरलं तर नातू पन्नाशीच्या आसपास होतो. म्हणून पंचवीस-पन्नासचा तक्ता वरवर पाहता पटतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे.

आता पर्यायांची गोष्ट, कारण सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. आपस्तंब धर्मसूत्रात (२.९.२१) चार आश्रमांची नावं या क्रमाने येतात: गार्हस्थ्य, आचार्यकुल, मौन (म्हणजे संन्यास), वानप्रस्थ्य. टप्पे म्हणून हा क्रम निरर्थक आहे, कारण गार्हस्थ्य आचार्यकुलाच्या आधी आलं आहे. धर्मसूत्रकार गौतम (३.१) म्हणतो, ‘काही जण त्याला आश्रमांचा विकल्प सांगतात’, आणि पुढे ब्रह्मचारी, गृहस्थ, भिक्षू, वैखानस अशी चार नावं देतो. इथेही भिक्षू वनवासी वैखानसाच्या आधी. इथला ब्रह्मचारी म्हणजे शिकून घरी परतणारा मुलगा नव्हे. जन्मभर गुरूच्या घरी राहणारा नैष्ठिक ब्रह्मचारी. म्हणजे मुंज होऊन वेद शिकून झाल्यावर तरुणाने ठरवायचं: इथेच गुरूकडे राहायचं, लग्न करायचं, वनात जायचं की भिक्षा मागत फिरायचं. एक निवडायचा आणि त्यातच आयुष्य काढायचं.

बऱ्याच आचार्यांना हा विकल्पही मान्य नव्हता. गौतमाच्या त्याच अध्यायाच्या शेवटी (३.३६) निवाडा येतो: आश्रम एकच, गृहस्थाचा, कारण वेदात प्रत्यक्ष विधान त्याचंच आहे. तिसरा धर्मसूत्रकार बौधायन तर आणखी पुढे जातो. त्याच्या मते बाकीच्या आश्रमांत संतती होत नाही म्हणून ते आश्रमच नव्हेत, आणि हे भेद प्रल्हादाचा मुलगा कपिल नावाच्या असुराने देवांशी स्पर्धा करायला काढले, शहाण्याने त्यांची दखल घेऊ नये (२.६.११). चार आश्रमांना ‘आपली सनातन व्यवस्था’ म्हणणाऱ्यांनी हे सूत्र जरूर वाचावं.

मग शिडी का बांधावी लागली? काळ आठवा. बौद्ध, जैन, आजीवक संघांत तरुण मुलं लग्नाआधीच जात होती. लग्न नाही म्हणजे यज्ञ नाही, मुलगा नाही, पितरांना पिंड नाही. संन्यास पूर्ण नाकारावा तर उपनिषदांतलेच दाखले आडवे येतात. तेव्हा तोडगा निघाला: संन्यास घ्या, पण शेवटी घ्या. मनु ६.३५-३७ मध्ये हे उघड आहे. ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणं म्हणजे वेदाध्ययन, यज्ञ आणि पुत्र. ती न फेडता मोक्षाच्या मागे लागणारा अधोगतीला जातो. तरी पर्यायवाली जुनी बाजू पूर्ण मेली नाही. जाबालोपनिषदात क्रमही सांगितला आहे आणि लगेच ‘ज्या दिवशी विरक्ती येईल त्याच दिवशी निघावं’ असंही म्हटलं आहे. पुढे शंकराचार्यांच्या परंपरेने हाच आधार धरला.

राज्यसंस्थेलाही घर सोडणारा माणूस परवडत नव्हता. कौटिल्य (२.१) सांगतो, बायकामुलांची सोय न लावता जो संन्यास घेतो त्याला पूर्वसाहस दंड, म्हणजे ४८ ते ९६ पण (‘पण’ हे तेव्हाचं नाणं). त्याच अर्थशास्त्रात गुराढोरांची आणि माणसांची चाकरी करणाऱ्या सर्वांत खालच्या नोकराचं वर्षाचं वेतन ६० पण आहे, त्यावरून दंडाचा अंदाज यावा. वय उलटलेल्यानेही धर्मस्थांना, म्हणजे न्यायाधिकाऱ्यांना, विचारूनच जायचं. महाराष्ट्रात ही अडचण परंपरेने कुणाच्या घरात सांगितली आहे हे वेगळं सांगायला नको: विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला, बायको मागे आहे हे कळल्यावर गुरूंनी परत पाठवलं आणि ज्ञानदेवादी भावंडांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला. संन्याशाला परतीचा रस्ता शास्त्राने ठेवलाच नव्हता.

चारही आश्रमांतला फरक एका जेवणावरून कळतो. धर्मसूत्रांत एक श्लोक पुन्हा पुन्हा येतो: मुनीने, म्हणजे संन्याशाने, ८ घास खावेत, वनवासीने १६, गृहस्थाने ३२, आणि ब्रह्मचाऱ्याला मोजमाप नाही. वाढीच्या वयातल्या मुलाला पोटभर खाऊ द्यावं, इतकं व्यवहारज्ञान शास्त्रकारांना होतं.

मुंजीचं सामान तर वर्णाप्रमाणे पुरतं वेगळं होतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातली यादी पाहा. ब्राह्मण मुलाला काळविटाचं कातडं, सणाचं (तागासारख्या वाखाचं) वस्त्र, मुंज गवताची मेखला, कापसाचं जानवं, बेल किंवा पळसाचा दंड, उंची केसांपर्यंत. क्षत्रियाला रुरू हरणाचं कातडं, अळशीच्या धाग्याचं क्षौम वस्त्र, मूर्वेची धनुष्याच्या दोरीसारखी मेखला, सणाचं जानवं, वड किंवा खैराचा दंड, कपाळापर्यंत. वैश्याला बोकडाचं कातडं, लोकरीचं वस्त्र, सणाच्या दोऱ्याची मेखला, लोकरीचं जानवं, पिलू किंवा उंबराचा दंड, नाकापर्यंत. भिक्षा मागतानाही ‘भवति’ हा शब्द ब्राह्मणाने आधी, क्षत्रियाने मध्ये आणि वैश्याने शेवटी म्हणायचा. दारावर आलेला मुलगा कोण, हे आवाजावरूनच कळावं. आपस्तंबाने ऋतूही वाटून दिले: वसंत, ग्रीष्म, शरद.

वयाचा भाग नीट समजून घ्यावा, कारण इथे सगळे चुकतात. ब्राह्मणाला आठवं, क्षत्रियाला अकरावं, वैश्याला बारावं वर्ष, आणि मनूच्या मते ते गर्भापासून मोजायचं. गर्भाष्टम म्हणजे जन्मापासून साधारण सव्वासहा ते सव्वासात वर्षं, पूर्ण आठ नव्हेत. हे आकडे आले कुठून? गायत्री छंदाच्या चरणात ८ अक्षरं, त्रिष्टुभात ११, जगतीत १२. तीन वर्णांना तीन छंदांची सावित्री (मुंजीत शिकवायचा मंत्र), आणि जितकी अक्षरं तितक्या वर्षी मुंज. शेवटची मुदतही त्याच्या दुप्पट: १६, २२, २४. क्षत्रियाचा मुलगा तीन वर्षं उशिरा समंजस होतो असं कुणाचं निरीक्षण यामागे नाही. छंदःशास्त्रातून उचललेला हिशेब आहे.

मुदत टळली की मुलगा व्रात्य ठरतो, सावित्री-पतित. पण इथेही वाट होती: प्रायश्चित्त करून मुंज करता येत असे. १६७४ मध्ये रायगडावर गागाभट्टांनी हीच वाट वापरली. शिवाजी महाराज तेव्हा ४४ वर्षांचे होते, क्षत्रियाच्या २२ वर्षांच्या मुदतीच्या बरोबर दुप्पट. प्रायश्चित्त, मुंज, मग पत्नीशी समंत्रक विवाह आणि त्यानंतर ६ जूनला राज्याभिषेक, असा क्रम लावावा लागला. संस्कारांचा क्रम चुकला की पुढचा संस्कार अडतो, हे शास्त्राचं मुख्य तंत्र आहे.

वेद शिकायला बारा-बारा वर्षं का लागत, याचाही हिशेब मांडता येतो. शाळा वर्षभर नसे. श्रावणी पौर्णिमेला उपाकर्म म्हणजे अध्ययनाची सुरुवात, तिथून साडेचार महिने अध्ययन, मग उत्सर्जन म्हणजे समाप्ती (मनु ४.९५). त्यानंतर शुक्ल पक्षात वेदाची उजळणी आणि कृष्ण पक्षात व्याकरण, निरुक्तासारखी वेदांगं. साडेचार महिने म्हणजे १३५ दिवस. त्यातून दोन्ही अष्टम्या, दोन्ही चतुर्दश्या, अमावास्या, पौर्णिमा वजा करा. अनध्यायाचे, म्हणजे पाठ बंद ठेवायचे, हे सहा दिवस दर महिन्याला आहेतच. उरले सुमारे १०८. ढग गडगडले, धुळीचं वादळ आलं, गावात प्रेत असलं, तरी पाठ बंद. ऋग्वेदात साडेदहा हजार ऋचा. बारा वर्षांना १०८ ने गुणलं की तेराशेच्या आत दिवस, म्हणजे रोज आठ नव्या ऋचा. लहान मुलाला स्वरांसकट आठ ऋचा हे खरंच कठीण पण जमण्यासारखं काम आहे. तेव्हा १२ हा आकडा हवेतला नाही, ३६ आणि ४८ हे मात्र गुणाकार आहेत.

रोजचा क्रम सकाळ-संध्याकाळ समिधा आणणं, अग्नीत घालणं, भिक्षा, गुरूचं काम, जमिनीवर झोप असा. मध, मांस, अत्तर, माळा वर्ज्य. आजारी नसताना सलग सात दिवस भिक्षा आणि समिधा चुकल्या तर ब्रह्मचर्य मोडल्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागे (मनु २.१८७). एखादा दिवस चुकला तर चालत असे, हे त्यातून आपोआप कळतं.

गृहस्थाश्रमावर ग्रंथांचा सर्वाधिक भर आहे, पण त्यातला एकच कोपरा इथे पुरे: साठा किती करावा. मनु ४.७ मध्ये ब्राह्मण गृहस्थाचे चार प्रकार आहेत: कोठार भरून धान्य ठेवणारा, मडकाभर ठेवणारा, तीन दिवसांपुरतं ठेवणारा आणि उद्याचंही न ठेवणारा. शेवटचा सर्वांत श्रेष्ठ. आणि तरी मनूच सांगतो की बाकीचे तिन्ही आश्रम गृहस्थाच्या अन्नावर जगतात. उद्याचं न ठेवणाऱ्याने तीन आश्रम कसे पोसायचे, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही.

वानप्रस्थाचे नियम कडक आहेत. नांगरलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही, दर आश्विनात साठवलेलं धान्य आणि जुनी वस्त्रं टाकून द्यायची, उन्हाळ्यात पंचाग्नी, हिवाळ्यात ओली वस्त्रं. इतकं कोण करणार? पुढच्या काळात वानप्रस्थ ‘कलिवर्ज्य’ यादीतच गेला, म्हणजे कलियुगात करू नये. एका प्रसिद्ध श्लोकात तर संन्यासही कलीत वर्ज्य आहे. प्रत्यक्षात म्हातारपण कसं जाई, त्याचं उत्तर मनूनेच दिलं आहे आणि तिकडे फारसं लक्ष जात नाही: सगळं मुलाच्या हवाली करून, अलिप्त राहून घरीच राहावं (४.२५७), मुलाच्या आधाराने सुखात राहावं (६.९५). बहुतेकांचा ‘तिसरा आश्रम’ असा माजघरातच गेला असणार.

संन्याशाचे नियम मात्र अतिशय व्यवहारी आहेत. भिक्षा दिवसातून एकदाच, तीही केव्हा? चुलीचा धूर थांबल्यावर, मुसळ ठेवल्यावर, निखारे विझल्यावर, घरच्यांची जेवणं होऊन उष्टी ताटं उचलल्यावर (६.५६). भांडं भोपळ्याचं, लाकडाचं, मातीचं किंवा बांबूचं, धातूचं नाही. उरलंसुरलं घ्यायचं आणि कुणाच्या घरावर भार टाकायचा नाही, हा त्यातला मुद्दा.

हे सगळं कुणासाठी? मनूचा सहावा अध्याय संपताना ‘ब्राह्मणाचा हा चार प्रकारचा धर्म सांगितला’ असं स्पष्ट म्हणतो (६.९७). क्षत्रिय-वैश्यांना संन्यास आहे की नाही यावर टीकाकारांत वाद आहे. शूद्राला मुंज नाही म्हणून ब्रह्मचर्य नाही, त्याला फक्त गृहस्थाश्रम. शूद्राने वेद ऐकला तर कानात कथील आणि लाख ओतावी असं गौतम (१२.४) सांगतो. हे नंतर कुणी घुसडलेलं नाही, सूत्रग्रंथाचाच भाग आहे. चांडाळाने गावाबाहेर राहावं, प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, हे मनूच्या दहाव्या अध्यायात आहे. इसवी सनाच्या ४०० च्या सुमारास आलेला चिनी भिक्षू फाहियान लिहितो की चांडाळ बाजारात शिरताना लाकूड आपटून वर्दी देत, म्हणजे लोक बाजूला होतील. बऱ्याच ठिकाणी ग्रंथ आणि व्यवहार वेगळे पडतात, इथे दुर्दैवाने जुळतात. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली ती अशाच वचनांसाठी.

स्त्रीबद्दल मनु २.६७ म्हणतो, विवाह हीच तिची मुंज, पतिसेवा हा गुरुकुलवास, घरकाम हा अग्निहोत्र. आता जुन्नरजवळचा नाणेघाट चढा. तिथल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात तिला महिना-महिना उपास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी, ब्रह्मचर्य पाळलेली आणि दीक्षा, व्रत, यज्ञ यांत निष्णात असं म्हटलं आहे. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची दक्षिणा गायी-हत्तींसकट मोजून दिलेली आहे. वैधव्यातल्या राणीने घर न सोडता तापसी जीवन जगावं आणि ते अभिमानाने दगडावर कोरावं, हे चार आश्रमांच्या चौकटीत कुठेच बसत नाही.

वर्णाकडे वळू. ऋग्वेदात चारही नावं एकत्र फक्त पुरुषसूक्तात (१०.९०) येतात, तेही ‘क्षत्रिय’ नाही, ‘राजन्य’. दरपत्रक म्हणजे काय ते मनूच्या आठव्या अध्यायात दिसतं. ब्राह्मणाला शिवी दिली तर क्षत्रियाला १०० पण, वैश्याला १५० किंवा २००, शूद्राला शारीरिक शिक्षा. उलट ब्राह्मणाने दिली तर क्षत्रियासाठी ५०, वैश्यासाठी २५, शूद्रासाठी १२. चोरीत मात्र दर उलटा फिरतो: शूद्राला दोष आठपट, वैश्याला सोळा, क्षत्रियाला बत्तीस, ब्राह्मणाला चौसष्ट. सुतकाचे दिवसही वर्णाप्रमाणे १०, १२, १५ आणि एक महिना.

व्याजाचं उदाहरण सर्वांत बोलकं. मनु ८.१४२ नुसार महिन्याला शेकडा ब्राह्मणाकडून २, क्षत्रियाकडून ३, वैश्याकडून ४, शूद्राकडून ५. कौटिल्य वर्ण विचारतच नाही, जोखीम विचारतो: साधा धर्म्य दर सव्वा, व्यापाऱ्याला ५, जंगलातून माल नेणाऱ्याला १०, समुद्रावर जाणाऱ्याला २०. आणि प्रत्यक्ष? नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यावर शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (धंदेवाईक संघांकडे) अक्षयनिधी ठेवला: एकीकडे २००० कार्षापण नाणी दरमहा शेकडा १ दराने, दुसरीकडे १००० कार्षापण पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची आणि किरकोळ खर्चाची सोय. घेणारे विणकर कोणत्या वर्णाचे, याचा लेखात उल्लेखही नाही. पैसे बुडणार नाहीत याची पत होती, तेवढं पुरलं.

लेण्यांतले दाते स्वतःची ओळख कशी देतात तेही पाहा. कार्ल्याच्या चैत्यावर धेनुकाकटचा सिंहदत्त गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, तिथलाच सामी सुतार. गाव आणि धंदा, बस्स. ग्रीक वकील मेगास्थनीस इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास पाटलिपुत्राला होता. त्याने सात वर्ग मोजले, त्यांत तत्त्वज्ञ, शेतकरी, गुराखी-शिकारी, कारागीर, सैनिक, हेर आणि मंत्री आहेत. चार वर्ण त्याला दिसले नाहीत. मंदसोरच्या लेखात लाट देशातून (दक्षिण गुजरातेतून) दशपूरला, म्हणजे मंदसोरलाच, आलेले रेशीम विणकर आहेत. त्यांतले काही विणकरच राहिले, काही धनुर्धर झाले, काही ज्योतिषी, काही कथेकरी.

राजांचं तर विचारूच नका. पांडवलेण्यांतल्याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती करते: चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा, एकमेव ब्राह्मण, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा. राज्य करणारा ब्राह्मण हाच सूत्रांच्या हिशेबाने संकर. पुढच्या पिढ्यांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीने शक महाक्षत्रपाची मुलगी केली, कान्हेरीच्या लेखात ती कार्दमक राजकुळातली म्हटली आहे. मनु (१०.४३-४४) शकांना क्रिया लोपल्याने शूद्रत्वाला गेलेले क्षत्रिय मानतो.

चार वर्णांत न मावणाऱ्या शेकडो जातींचं स्पष्टीकरण शास्त्रकारांनी संकराच्या गणिताने दिलं. चार वर्णांत सहा अनुलोम (बाप वरच्या वर्णाचा) आणि सहा प्रतिलोम (आई वरच्या वर्णाची) जोड्या होतात, प्रत्येकीला एक नाव चिकटवलं. क्षत्रिय बाप, ब्राह्मण आई: सूत. वैश्य बाप, क्षत्रिय आई: मागध. वैश्य बाप, ब्राह्मण आई: वैदेह. मगध आणि विदेह हे देश आहेत, त्यांतल्या लोकांना हे जन्मदाखले नंतर मिळाले. हिशेब मागून लावलेला आहे हे रथकारावरून तर पक्कं कळतं. जुन्या वैदिक विधीत रथकाराला पावसाळ्यात अग्न्याधान करायचा अधिकार आहे. बौधायन त्याला वैश्य बाप आणि शूद्र आईचा मुलगा करतो. याज्ञवल्क्य (१.९५) म्हणतो माहिष्य बाप आणि करण आई, म्हणजे दोघेही संकर जातींतले. रथ बनवणारा माणूस तोच, आईबाप ग्रंथागणिक बदलले.

नियम वाकायचा कुठे, तेही लिहून ठेवलेलं आहे. आपत्काळात ब्राह्मणाने क्षत्रियाचं किंवा वैश्याचं काम करावं (मनु १०.८१-८२), पण मांस, लाख, मीठ विकलं तर तत्काळ पतित, दूध विकलं तर तीन दिवसांत शूद्र (१०.९२). तीळ विकायचे नाहीत, पण समभार धान्याच्या बदल्यात देता येतात. मनाईची यादी इतकी बारीक आहे, त्याअर्थी हे धंदे सर्रास चालत असणार.

तेव्हा कुणी ‘शास्त्रात असं आहे’ म्हणालं की ग्रंथ, अध्याय आणि श्लोक विचारावा, तो कोणत्या वर्णाच्या पुरुषाला सांगितला आहे ते पाहावं, आणि मागचे-पुढचे दहा श्लोक वाचावेत, कारण मनूमध्ये विरुद्ध मतं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात. मूळ वाचायचं असेल तर मनुस्मृतीपासून सुरुवात करू नका, ती आश्रमांची शिडी बांधून झाल्यावरची आहे. आधी गौतम धर्मसूत्राचा तिसरा अध्याय, तो चार पानांत होतो. मग आपस्तंबाच्या दुसऱ्या प्रश्नातला आश्रमांचा भाग, आणि मग मनूचे दुसरा, चौथा, सहावा आणि दहावा हे अध्याय, कुल्लूकाच्या टीकेसह.